आखातातील पहिले बँक खाते : नवख्यांनी काय जाणून घ्यावे?

रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील मुस्लिम मोहल्ल्यांना आखाती नोकरी नवी नाही. घरातला तरुण निघणार म्हटले की काय काय तयारी करावयाची, हे घरच्या बायामाणसांनाही तोंडपाठ असते. पासपोर्ट, मेडिकल, तिकीट, सोबत द्यावयाचे लोणचे, पापड, सुकी मासळी, यांत कसूर होत नाही. पण त्याचा पहिला पगार कोठे जमा होणार, तो कोणाच्या हातात पडणार आणि तेथून घरी कोणत्या वाटेने येणार, हे प्रश्न मात्र विमानतळावर निरोप देईपर्यंत कोणी विचारीत नाही. ‘तिकडे गेल्यावर कंपनी बघेल’ एवढ्यावर विषय संपतो. कंपनी बघते, नाही असे नाही. परंतु ती आपल्या सोयीने बघते.

या लेखात आम्ही संयुक्त अरब अमिराती हा एकच देश घेतला आहे. आपल्या बोलीत त्या साऱ्याला ‘दुबई’ म्हणतात, मग माणूस शारजात असो की अबुधाबीत. सौदी, कुवेत, कतर, ओमान येथील कायदे वेगळे आहेत आणि सर्वांची मिसळ केल्यास वाचकांचा गोंधळच होईल.

एक जुनी गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. एके काळी आपला माणूस त्या किनाऱ्यावर उतरला तर त्याला पैसे बदलण्याचीही गरज पडत नसे. तेथे आपला रुपयाच चालत होता. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. पुढे जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले आणि आखाती राज्यांनी आपापली वेगळी चलने धरली. अमिरातीचा दिरहम १९७३ साली आला. १९९७ पासून त्याचा भाव अमेरिकी डॉलरशी बांधलेला आहे : एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. म्हणजेच दिरहम महागला असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात रुपया डॉलरपुढे घसरलेला असतो. पैसे पाठविण्याची घाई करावी की थांबावे, हे ठरविताना एवढे ध्यानात असलेले बरे.

आधी ओळखपत्र, मग खाते

नोकरीच्या परवान्यावर उतरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन खाते उघडता येईल, असे सहसा होत नाही. आधी वैद्यकीय तपासणी होते. त्यात रक्त तपासतात, छातीचा एक्स-रे काढतात. मग बोटांचे ठसे, फोटो, आणि त्यानंतर रहिवासाचा परवाना व ‘एमिरेट्स आयडी’ हे ओळखपत्र. या कार्डाचा क्रमांक पंधरा आकडी असतो. पहिले तीन आकडे ७८४, हा त्या देशाचा आंतरराष्ट्रीय संकेतांक. पुढील चार आकडे म्हणजे कार्डधारकाचे जन्मसाल. शाळेत घालताना लिहिलेली तारीख आणि पासपोर्टावरची तारीख वेगळी असेल, तर पासपोर्टावरचे सालच तेथे आयुष्यभर चालते. २०२२ पासून पासपोर्टावर रहिवास परवान्याचा कागद चिकटविण्याची पद्धत बंद झाली असून, हे कार्डच रहिवासाचा पुरावा झाले आहे.

बँकेला जे कागद लागतात ते साधारण असे : पासपोर्ट, एमिरेट्स आयडी, कंपनीचे पगाराचे प्रमाणपत्र किंवा नोकरीचे पत्र, आणि स्वतःच्या नावावर घेतलेला तेथील मोबाईल क्रमांक. घरच्या पत्त्याचा प्रश्न आपल्याकडच्यासारखा जाचक नाही. त्या देशात टपाल घरोघर न येता पोस्टाच्या पेटीत येण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे कंपनीच्या पेटीचा क्रमांक बहुधा पुरतो. मोबाईल क्रमांक मात्र आपल्याच आयडीवर घेतलेला हवा. खोलीतल्या मित्राने दिलेले सिम वापरून खाते उघडले, तर बँकेचे सारे संदेश कायद्याने त्या मित्राच्या क्रमांकावर जातात. आणि मित्र सुटीवर गेला, सिम बंद पडले, की खाते आपले असूनही कुलूप दुसऱ्याच्या दाराला.

कार्ड येईपर्यंत आणि पहिला पगार होईपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो. तेवढ्या दिवसांचा जेवणखर्च, मोबाईल आणि बसभाडे यांची सोय घरून करून निघावे. ही रक्कम नसते म्हणूनच पुष्कळ तरुण पहिल्याच महिन्यात कंपनीकडून किंवा खोलीतल्या सोबत्याकडून उचल घेतात आणि पहिला पगार हातात पडण्यापूर्वीच अर्धा होतो.

पगाराचे कार्ड म्हणजे खाते नव्हे

हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथेच सर्वाधिक गैरसमज आहे.

२००९ सालापासून त्या देशात ‘वेतन संरक्षण पद्धत’ लागू आहे. तीप्रमाणे मालकाने कामगाराचा पगार रोखीने हातावर न ठेवता बँक किंवा परवानाधारक एक्स्चेंज हाऊसमार्फत द्यावयाचा असतो. मालक दर महिन्याला कोणाला किती पगार याची यादी पाठवितो, ती मध्यवर्ती बँकेच्या यंत्रणेतून जाते, श्रम मंत्रालयाकडील कराराशी पडताळली जाते आणि मग पैसे कामगारापर्यंत पोहोचतात. यामुळे ‘दिला की नाही दिला’ हा वाद पुराव्यावर सुटू शकतो. पूर्वी तो साक्षीदारांच्या जिभेवर लोंबकळत असे.

आता हा पगार दोन ठिकाणी जमा होऊ शकतो. एक, कामगाराच्या स्वतःच्या बँक खात्यात. दुसरे, कंपनीने काढून दिलेल्या पगाराच्या कार्डावर. कमी पगाराच्या कामगारांना बहुधा दुसरा प्रकार मिळतो. कार्ड मशिनमध्ये घातले की पैसे निघतात, दुकानातही चालते. त्यामुळे ‘माझे खाते झाले’ असे मुलगा घरी कळवितो. वास्तविक ते खाते नव्हे. ते त्या कंपनीच्या पगारापुरते भरलेले पाकीट होय. त्यावर चेकबुक नाही, कर्जासाठी किंवा भाड्याच्या घरासाठी दाखविता येईल असा सलग हिशेबाचा उतारा बहुधा नाही, आणि नोकरी बदलली की ते कार्डही बदलते. हे कार्ड वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. हजार-बाराशे दिरहम पगाराच्या माणसाला ते सोयीचेच आहे, कारण त्याला किमान शिल्लक ठेवावी लागत नाही. पण किती वेळा पैसे काढणे फुकट, दुसऱ्या बँकेच्या मशिनवर किती आकार, नुसती शिल्लक पाहण्यास किती, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. कार्ड व त्याचा गुप्त क्रमांक कामगाराचा आहे. ‘सगळ्यांची कार्डे ऑफिसात राहतात’, ‘फोरमन पैसे काढून आणतो’ असे कोणी सांगत असेल, तर पगार कागदावर पूर्ण आणि हातात अपुरा पडण्याची ती सुरुवात असते. पासपोर्ट ठेवून घेणे जसे मालकाला त्या देशाच्या नियमांनी मना आहे, तसेच हेही समजावे. अशी तक्रार मनुष्यबळ मंत्रालयाकडे मोबाईलवरूनही करता येते.

नावाचा घोळ

आपल्या मंडळींना बँकेच्या खिडकीवर जो त्रास होतो त्यातला निम्मा नावाचा असतो. शाळेच्या दाखल्यावर ‘महंमद’, पासपोर्टावर त्याचेच इंग्रजीतील एक रूप, पॅन कार्डावर आखूड रूप, गावच्या बँकेच्या पासबुकात वडिलांचे नाव मध्येच घुसलेले, आणि आडनाव एका ठिकाणी आहे तर दुसऱ्या ठिकाणी गाळलेले. गावात सर्वजण ओळखतात म्हणून हे चालून जाते. तेथे संगणक अक्षरे जुळवितो, माणूस नव्हे. पाठविलेली रक्कम नाव जुळत नाही म्हणून मध्येच अडकते, आणि इकडे घरची मंडळी पोराने पैसेच पाठविले नाहीत असे समजून बसतात.

त्यात अरबीची भर. एमिरेट्स आयडीवर नाव अरबी लिपीतही असते आणि अरबीत ‘प’ हा उच्चार नाही. त्यामुळे आपले परकार तेथे ‘बारकार’ होऊन जातात. ‘च’साठीही एक अक्षर नाही, दोन जोडावी लागतात. चौगुले हे नाव एका कारकुनाने एक तऱ्हेने लिहावे आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने, यात नवल नाही. अरबी रूप कसेही असो, बँकेच्या अर्जावरील इंग्रजी नाव पासपोर्टावरील नावाशी अक्षरशः जुळते की नाही हे स्वतः तपासावे. पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा असेल तर निघण्यापूर्वीच तो भरून घेणे शहाणपणाचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या देशाने केवळ एकच शब्द असलेल्या नावांच्या प्रवाशांना पर्यटन व भेटीच्या व्हिसावर प्रवेश देण्याबाबत निर्बंध घातले, तेव्हा अनेकांची धावपळ झाली होती.

सहीचेही तसेच. उर्दूत किंवा मराठीत सही करण्यास हरकत नसते. पण पासपोर्टावर एक, अर्जावर दुसरी आणि चेकवर तिसरी, असे चालत नाही. जी सही पासपोर्टावर आहे तीच गिरवावी.

कोणती बँक?

दुबईत पहिली बँक १९४६ साली आली, ती इंग्रजांची. आज तेथे स्थानिक, परदेशी, इस्लामी अशा अनेक बँका आहेत. आपली बँक ऑफ बडोदाही तेथे कित्येक वर्षांपासून काम करते. नवख्याने मोठ्या नावाला भुलण्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात : पगाराची किमान अट किती, किमान शिल्लक किती, आणि ती न राहिल्यास दर महिन्याला किती कापणार?

अनेक बँकांत महिन्याची सरासरी शिल्लक ३००० दिरहम ठेवण्याची अट दिसते. पगार त्याच बँकेत येत असेल आणि तो ठरावीक रकमेच्या वर असेल तर ही अट सोडून देतात. शिल्लक कमी पडली तर २५ दिरहम आणि त्यावर पाच टक्के मूल्यवर्धित कर कापण्याचा प्रघात आहे. महिना सव्वासव्वीस दिरहम ही रक्कम किरकोळ वाटते. पण वर्षाचे ३१५ दिरहम झाले, आणि अठराशे पगाराच्या माणसाला ती पाच दिवसांची मजुरी आहे. म्हणून पगार थोडा असेल तर किमान शिल्लक नसलेले खातेच शोधावे. काही बँकांची मोबाईलवरून उघडता येणारी खाती अशी असतात. दरपत्रक प्रत्येक बँकेला जाहीर करावे लागते. ते मागण्यात लाजण्यासारखे काही नाही.

व्याजाचा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात येणारच. ज्याला व्याज घ्यावयाचे नाही, त्याच्यासाठी साध्या बँकेतील चालू खात्यावर सहसा व्याज मिळतच नाही. इस्लामी बँकांचा पर्यायही जुना आहे. दुबई इस्लामिक बँक १९७५ साली सुरू झाली, अबुधाबीची १९९७ साली, आणि शारजाच्या एका साध्या बँकेने २००२ मध्ये आपले सारे कामकाज इस्लामी पद्धतीवर आणले. या बँकांत चालू खात्यातील रक्कम बँकेला दिलेले कर्ज समजतात, म्हणून त्यावर नफा नाही. बचत खाते मुदारबाच्या तत्त्वावर, म्हणजे नफ्यातील ठरलेल्या वाट्यावर चालते. मात्र इस्लामी बँक म्हणजे आकार नाही, अट नाही, असे समजू नये. किमान शिल्लक तेथेही असते. मुराबहाने घेतलेल्या मोटारीचा हप्ताही वेळेवरच भरावा लागतो.

खाते झाले की २३ अक्षर-आकड्यांचा आयबान मिळतो. सुरुवातीला एई ही दोन अक्षरे, मग पडताळणीचे दोन आकडे, मग बँकेचा तीन आकडी संकेतांक आणि शेवटचे सोळा आकडे खात्याचे. हा क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि नोकरी देणाऱ्याला स्वतःच्या हाताने द्यावा. हा कोणाला सांगण्यात धोका नाही. धोका आहे तो कार्डामागचे तीन आकडे, गुप्त क्रमांक आणि मोबाईलवर येणारा ओटीपी सांगण्यात. ‘मध्यवर्ती बँकेतून बोलतो, तुमचे कार्ड गोठविले आहे’ असा फोन नवख्यांना हटकून येतो, कधी हिंदीत, कधी उर्दूत, फार अदबीने. मध्यवर्ती बँक कोणाही खातेदाराला असा फोन करीत नाही. २०२५ पासून तेथील बँका संदेशाने ओटीपी पाठविणे टप्प्याटप्प्याने बंद करून मंजुरी बँकेच्या ॲपमधूनच घेऊ लागल्या आहेत, हे चांगले झाले. परंतु ॲपवरची ‘मंजूर’ खूण दाबण्यापूर्वी रक्कम व नाव वाचावे लागते, हे कोणी शिकवीत नाही.

चाचाचे खाते

गावचा कोणी चाचा वीस वर्षे तेथे आहे. तो म्हणतो, ‘बेटा, तू खाते कशाला उघडतोस? माझ्या खात्यात टाक, मी घरी पाठवीन.’ चाचाची नियत साफ असेल, बहुतेक वेळा असतेच. तरीही हे करू नये. चाचाची नोकरी सुटली, त्याच्यावर बँकेचे कर्ज निघाले, त्याचे खाते गोठले किंवा अल्लाने त्याला बोलावून घेतले, तर त्या खात्यातील तुमचे पैसे तुमचे आहेत हे सिद्ध करणारा एकही कागद तुमच्याकडे नाही. नात्यात वितुष्ट येते ते वेगळेच.

याच्या उलट प्रकार अधिक घातक. ‘तुमचे खाते महिनाभर वापरू द्या, पाचशे दिरहम देतो’ असे कोणी सुचविते. किंवा ‘तुझ्या खात्यात काही पैसे येतील, ते काढून अमक्याला दे’ अशी विनंती केली जाते. हे पैसे बहुधा फसवणुकीचे असतात आणि पोलिसांच्या नजरेस पहिले नाव पडते ते खातेदाराचे. काळ्या पैशाविरुद्धचा तेथील कायदा कडक आहे. तुरुंग, दंड आणि नंतर देशाबाहेर रवानगी, अशी पाळी येऊ शकते. ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणून माणूस सुटतोच असे नाही.

हुंडीबद्दलही येथेच बोलून टाकू. हुंडीवाला भाव दोन पैसे जास्त देतो आणि घरपोच देतो, ही त्याची भुरळ. पण आपल्या देशात तो व्यवहार परकीय चलन कायद्याविरुद्ध आहे. शिवाय, उद्या त्या पैशातून जागा घेतली आणि ‘पैसा आला कोठून?’ असे आयकर खात्याने विचारले, तर उत्तर काय देणार? बँकेतून किंवा परवानाधारक एक्स्चेंजमधून पाठविलेल्या प्रत्येक रकमेची पावती हे त्या प्रश्नाचे तयार उत्तर असते. पावत्या फेकू नयेत.

चेकबुक आणि कर्ज

पगार पाच हजारांच्या आसपास गेला की बँकेचे प्रतिनिधी स्वतः होऊन फोन करू लागतात. क्रेडिट कार्ड घ्या, कर्ज घ्या. गावाकडे घर अर्धवट बांधून पडलेले असते, बहिणीचे लग्न असते, मोह होतो.

तेथील मध्यवर्ती बँकेने २०११ मध्ये काही मर्यादा घालून दिल्या. वैयक्तिक कर्ज पगाराच्या वीस पटींहून अधिक नसावे, फेड ४८ महिन्यांत व्हावी आणि सर्व हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त नसावेत. म्हणजे चार हजार पगाराच्या माणसाला ऐंशी हजार दिरहमपर्यंत कर्ज मिळू शकते. पण नुसते मुद्दल ४८ महिन्यांत फेडावयाचे तर महिन्याला १६६७ दिरहम झाले, व्याज वरचे. उरलेल्या पैशात खोलीभाडे, जेवण आणि घरखर्च पाठविणे बसते का, हा हिशेब बँक करून देत नाही.

दराच्या बाबतीत एक चलाखी ओळखून ठेवावी. ‘फ्लॅट चार टक्के’ असे सांगितले जाते. फ्लॅट म्हणजे संपूर्ण मुद्दलावर चारही वर्षे आकारणी, मधल्या काळात कितीही फेडले तरी. चार वर्षांच्या फेडीवर हा दर घटत्या शिलकीच्या हिशेबाने साडेसात टक्क्यांच्या घरात जातो. विचारावयाचे ते हेच : घटत्या शिलकीवर किती?

चेकच्या बाबतीत पूर्वी फार दहशत होती. शिल्लक नसल्याने चेक परतला की फौजदारी गुन्हा आणि प्रसंगी तुरुंग. जानेवारी २०२२ पासून हे बदलले. केवळ शिल्लक कमी म्हणून चेक परतल्यास आता सहसा फौजदारी होत नाही. पण यावरून ‘चेकचे काही नाही’ असा अर्थ काढणारे चुकतात. परत आलेला चेक घेऊन देणेकरी थेट वसुली न्यायालयात जाऊ शकतो, खाते जप्त होऊ शकते, देश सोडण्यास मनाई होऊ शकते. जाणूनबुजून वेगळी सही करणे, चेक देऊन खाते बंद करणे, हे अजूनही गुन्हेच आहेत. घरभाडे तेथे पुढील तारखांच्या चेकांनी देतात. चार मित्रांनी मिळून घर घेतले आणि चेक एकाच्याच नावाचे असले, तर देणेही कायद्याने त्या एकाचेच. बाकीचे तिघे उद्या निघून गेले तरी घरमालक त्यालाच धरणार.

गावाकडचे खाते

येथे पुष्कळांना धक्का बसेल. नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरतो आणि त्याचे गावच्या बँकेतील साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ प्रकारात बदलून घ्यावे लागते. येथील भाडे, शेतीचे उत्पन्न वगैरे त्यात जमा करावे. परदेशातील कमाई पाठविण्यासाठी वेगळे एनआरई खाते उघडावे. त्यातील रक्कम केव्हाही परत बाहेर नेता येते. व्याज घ्यावयाचे नसेल तर हे खाते चालू खात्याच्या प्रकारातही उघडता येते. एनआरओवरील व्याजातून मात्र तीस टक्के व अधिभार उगमापाशीच कापला जातो.

एनआरई खात्यात पत्नीचे किंवा आईचे नाव जोडता येते. परंतु ती भारतात राहत असेल तर हे नाव ‘पहिला अथवा हयात’ या तऱ्हेनेच जोडले जाते. म्हणजे नवऱ्याच्या हयातीत ती केवळ मुखत्यारपत्रावर व्यवहार करू शकते. ही मुखत्यारी निघण्यापूर्वी बँकेत जाऊन दोघांच्या सह्यांनी करून ठेवावी. नंतर परदेशातून करणे दसपट कटकटीचे.

भारतातील सिम बंद पडू देऊ नये, किंवा खात्यास तेथील क्रमांक जोडून घ्यावा. २०२३ पासून अमिरातीसह काही देशांतील मोबाईल क्रमांकावर एनआरई व एनआरओ खात्यांना यूपीआय जोडण्याची मुभा मिळाली आहे. आपली बँक ही सोय देते की नाही, ते विचारावे.

खातेदार गेला तर

हा विषय कोणी काढीत नाही, म्हणून आम्ही काढतो. आपल्याकडे खात्यास वारसाचे नाव लावता येते आणि बँक त्याला रक्कम देते. अमिरातीत साध्या खात्यांना अशी सोय साधारणतः नसते. खातेदाराच्या मृत्यूची खबर मिळताच बँक खाते गोठविते आणि न्यायालयाचा वारसाहक्काचा आदेश आल्यावरच मोकळे करते. मुसलमान खातेदाराच्या बाबतीत हे वाटप शरीअतच्या हिश्श्यांप्रमाणे होते, ते योग्यच. पण त्यासाठी येथील वारस दाखला, त्याचे प्रमाणीकरण, अरबी भाषांतर, तेथे धावपळ करणारा माणूस, एवढे सारे लागते. खेड किंवा मंडणगडच्या एखाद्या वाडीतील विधवेने हे कसे करावे? तोवर घर कशावर चालावे?

म्हणून तेथील खात्यात गरजेपुरते आणि अडीअडचणीपुरते ठेवावे. बाकीची शिल्लक एनआरई खात्यात यावी, त्यावर वारसाचे नाव असावे. खाते कोणत्या बँकेत, कोणत्या शाखेत, कर्ज किती, कोणाचे देणे-घेणे किती, हे एका कागदावर लिहून घरी ठेवावे आणि दर सुटीला तो कागद नवा करावा. गुप्त क्रमांक लिहू नयेत, एवढे पथ्य पाळले की पुरे.

नोकरी सुटताना

एमिरेट्स आयडीची मुदत संपली आणि नव्याची प्रत बँकेला दिली नाही, तर कार्ड बंद पडते. परवाना नूतनीकरणाच्या वेळी कंपनी आयडी देते, बँकेला कळवीत नाही. ते आपले काम.

नोकरी संपली की शेवटचा हिशेब व ग्रॅच्युइटी बहुधा त्याच खात्यात येते. कर्ज बाकी असेल तर बँक ती रक्कम रोखून धरू शकते, तिकीट काढलेले असले तरी. म्हणून राजीनाम्यापूर्वी बँकेत जाऊन बाकी विचारावी. क्रेडिट कार्ड नुसते कापून टाकल्याने बंद होत नाही. वार्षिक आकार चढत राहतो, त्यावर दंड चढतो, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या नोकरीवर परतणाऱ्याला जुनी थकबाकी गाठते. २०१४ पासून तेथे अल इतिहाद क्रेडिट ब्युरो सर्वांच्या कर्जाची नोंद ठेवते. खाते व कार्ड लेखी अर्जाने बंद करावे आणि काही देणे नाही असे बँकेचे पत्र घेऊनच विमानात बसावे.

बँकेने भलताच आकार लावला किंवा दाद दिली नाही तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करून क्रमांक घ्यावा. तेथे निकाल लागला नाही, तर बँका व विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी २०२३ पासून ‘सनदक’ ही संस्था काम करते. अर्ज अरबीत किंवा इंग्रजीत करावा लागतो. सोबत पासपोर्टाची प्रत, खात्याचा उतारा आणि बँकेचे उत्तर जोडावे.